मळसूत्र कोणीं आवळावें?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आम्हीं पुस्तकांसाठीं एक कपाट विकत घेतलें. दुकानांत जाण्याचे श्रम नकोत म्हणून मोबाईलवरील चित्र पाहूनच मागणी नोंदविली. सुतारानें सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही किंमत कमी, आणि चित्रांतलें कपाट तर फारच सुबक. मोह आवरला नाहीं. कपाट घरीं आलें तें दोन चपट्या खोक्यांत, आणि तींही एका दिवशीं नव्हे. उभ्या फळ्यांचें खोकें आधीं आलें. आडव्या फळ्यांचें आठ दिवसांनीं. तें उघडून पाहिलें तों एका फळीचा कोपरा चेचलेला, दुसरीवरील भोकें समोरच्या भोकांशीं जुळत नव्हतीं, आणि पुडींतील मळसूत्रांत एक कमी होतें. विक्रेत्यास फोन केला. प्रत्येक खेपेस नवा मनुष्य बोले, नवा तक्रार-क्रमांक देई, आणि आम्हांस सारी हकीगत पहिल्यापासून सांगावी लागे. असा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस आला असेल, म्हणून हें रडगाणें लांबवीत नाहीं. परंतु त्या अर्धवट सांगाड्यासमोर बसलों असतां जो प्रश्न मनांत आला, तो इतिहासाचा आहे. सुटें सामान जोडण्याचें काम मुळांत गिऱ्हाइकाच्या गळ्यांत पडलें केव्हां, आणि कसें?

सुटें होणारें सामान ही आजची युक्ति नव्हे. प्रवासाच्या सोयीसाठीं मुद्दाम सुटें केलेलें सामान हिंदुस्थानांत मोठ्या प्रमाणावर आलें तें इंग्रजी पलटणींबरोबर. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत लंडनचे कारागीर लष्करी अधिकाऱ्यांसाठीं पेट्या, मेजें व पलंग तयार करीत. पेटीच्या कोपऱ्यांस पितळी पट्ट्या असत, खणांची पेटी मधोमध दुभंगून दोन ओझीं होत, आणि तिचे पाय मळसूत्रावर फिरवून काढतां येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारांत आलेली रुरकीची खुर्ची हा या कलेचा कळसच होय. रुरकीस लष्करी इंजिनिअरांचें ठाणें होतें. त्या गांवाचेंच नांव खुर्चीस मिळालें. पाय व दांडे यांच्या सांध्यांत मळसूत्र नाहीं आणि सरसही नाहीं. आडवे दांडे पायांच्या निमुळत्या भोकांत बसतात, आणि कापडाचा ताण व बसणाऱ्याचें वजन यांनींच सांधे आवळले जातात. जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. डेन्मार्कच्या कारे क्लिंट यानें १९३३ सालीं जी 'सफारी' खुर्ची तयार केली, ती याच जातीच्या खुर्चीवरून.

लष्कराच्या सोयीची ही गोष्ट व्यापाराच्या सोयीची केली ती मिखाएल थोनेट यानें. ऱ्हाईन नदीकांठच्या बोपार्ड गांवीं १७९६ सालीं जन्मलेला हा कारागीर १८४२ सालीं व्हिएन्नास जाऊन राहिला. बीच वृक्षाचें लाकूड वाफेंत मऊ करून सांच्यांत वांकविण्याची रीत त्यानें साधली, आणि १८५९ सालीं आपली चौदा क्रमांकाची खुर्ची बाजारांत आणिली. लाकडाचे सहा तुकडे, दहा मळसूत्रें आणि दोन नट, एवढाच तिचा संसार! जोडलेल्या खुर्चीनें अडविलेली बहुतेक जागा हवेचीच असते. मग त्या हवेचें भाडें जहाजवाल्यास कां द्यावें? सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटींत मावत. १९३० पर्यंत या खुर्चीचे सुमारें पांच कोटि नग विकले गेले. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांत अशाच वांकविलेल्या लाकडाच्या खुर्चीवर बसून चहा प्यालेले वाचक थोडे नसतील.

आतां एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पलटणीचा तळ पडला म्हणजे साहेबाचा पलंग जोडण्याचें काम साहेबाकडे नसे. त्यासाठीं नोकरचाकर होते. व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत बसणाऱ्या गृहस्थासही आपली खुर्ची स्वतः जोडावी लागत नव्हती. सामान सुटें होतें तें प्रवासापुरतें. वापरणाऱ्याच्या हातीं तें जोडलेलेंच येई. शिवाय पेटी उघडणारा व्यापारी घेई तो शेंकडों नग एकदम. मळसूत्रें कमी भरलीं, तर पुढची मागणी रद्द करण्याचें शस्त्र त्याच्या हातीं होतें. कारखानदार आणि गिऱ्हाईक यांच्या मध्यें असा एक जाणता मनुष्य उभा होता.

तो मनुष्य मधून निघाला तो स्वीडनमध्यें. इंग्वार काम्प्राड या तरुणानें १९४३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, आयकिया नांवाचा व्यापार सुरू केला, आणि १९४८ पासून टपालानें मागणी घेऊन तो घरगुती लांकूडसामान विकूं लागला. वाटेंत मेजांचे पाय मोडत, आणि भाडें तर सगळ्या मेजाचें पडे. १९५६ च्या सुमारास त्याचा सहकारी गिलिस लुंडग्रेन यानें एक मेज मोटारींत मावेना म्हणून त्याचे पाय काढून ठेवले, आणि त्यांतून सपाट खोक्यांत सामान विकण्याची कल्पना निघाली, अशी कथा सांगतात. १९५८ सालीं एल्महुल्ट येथें मोठें दुकान निघालें. १९६५ सालीं स्टॉकहोमजवळच्या नव्या दुकानांत इतकी गर्दी लोटली कीं नोकर पुरेनात. तेव्हां गिऱ्हाइकांस थेट वखारींत जाऊन आपलें खोकें आपण उचलण्याची मुभा मिळाली. ही नड पुढें नियम झाली. खोकें उचलणें, घरीं नेणें आणि जोडणें हीं तिन्ही कामें घेणाऱ्याकडे आलीं.

हा सौदा अन्यायाचा होता असें आम्हांस वाटत नाहीं. दुकानदारानें आपलें काम करावें, गिऱ्हाइकानें आपलें करावें, आणि वांचलेल्या पैशाचा लाभ दोघांनींही घ्यावा, हा करार सरळ आहे. ज्यांच्या घरीं पुस्तकें खोक्यांत पडून राहिलीं असतीं, अशा लाखों लोकांच्या घरीं त्यामुळें कपाट आलें. स्वतः जोडलेल्या वस्तूवर माणसाचा जीव अधिक जडतो, हेंही खोटें नाहीं. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशों व डॅन एरिएली या तिघां अभ्यासकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हें प्रयोगांनीं दाखविलें, आणि या वृत्तीस त्यांनीं आयकियाचेंच नांव दिलें. मात्र त्याच प्रयोगांत असेंही आढळलें कीं काम अर्धवट राहिलें तर ही माया उत्पन्न होत नाहीं. आमच्या दिवाणखान्यांतील सांगाड्याकडे पाहतां या दुसऱ्या सिद्धांताविषयीं आम्हांस तिळमात्र शंका राहिली नाहीं.

म्हणजे सारा सौदा एका गोष्टीवर अवलंबून आहे: जोडणी पुरी झाली पाहिजे. त्यासाठीं भोकें जुळलीं पाहिजेत, मळसूत्रें पुरतीं पाहिजेत, आणि तीं धरून ठेवणारें लाकूडही पाहिजे. येथें स्वस्ताईची दुसरी बाजू दिसते. थोनेटचें लाकूड अखंड होतें. आजच्या स्वस्त कपाटाची फळी बहुधा लाकडाचा चुरा राळेसारख्या चिकट द्रव्यांत दाबून केलेली असते. ती सपाट असते, आणि वरचा मुलामा सागवानाचा आव आणतो. पण कडेनें पाणी शिरलें कीं ती फुगते, आणि एकदां काढलेलें मळसूत्र त्याच भोकांत पुन्हां पूर्वीसारखें घट्ट बसत नाहीं. कोंकणपट्टीच्या हवेंत आणि दर दोनतीन वर्षांनीं घर बदलणाऱ्या भाडेकरूच्या संसारांत हे दोन्ही दोष लवकरच उघडे पडतात. सुटें करतां येणें हा ज्या वस्तूचा मूळ गुण, तीच आतां दुसऱ्यांदा सुटी करण्याची सोय राहिली नाहीं!

आमच्या देशांत आणखी एक फेरा झाला. आयकियाचें दुकान २०१८ सालीं हैदराबादेस व २०२० सालीं नवी मुंबईंत उघडलें. तेथें जोडणीसाठीं वेगळे पैसे देऊन माणूस मागवितां येतो. इतर विक्रेतेही जोडणारा पाठवितात. मळसूत्र पुन्हां दुसऱ्याच्या हातीं गेलें खरें, पण थोनेटच्या काळचा तो मधला जाणता मनुष्य कांहीं परत आला नाहीं. आमच्याकडे आलेला तरुण हुषार व अदबीचा होता. न जुळणारीं भोकें पाहून तो म्हणाला, "सर, माझं काम फक्त जोडायचं आहे. माल बदलून देणं माझ्या हातांत नाहीं." त्याचें म्हणणें खरें होतें. फळी कापणारा एक, विकणारा दुसरा, पोंचविणारा तिसरा, फोनवर बोलणारा चौथा आणि जोडणारा पांचवा. त्यांतला एकही खोटें बोलत नव्हता, आणि एकही कपाटाबद्दल जबाबदार नव्हता.

गांवगाड्यांतला सुतार बलुतेदार होता. सुगीस धान्याचा वांटा घेऊन त्यानें वर्षभर नांगर-औतें दुरुस्त करून द्यावींत, असा रिवाज होता. त्या व्यवस्थेनें सुतारास जातीच्या चौकटींत जखडलें, हें विसरून तिचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु मोडलेलें औत कोणाच्या दारीं न्यावयाचें हा प्रश्न तींत कोणास पडत नसे. तेवढी एक गोष्ट नव्या व्यापारासही साधणें अशक्य नाहीं. हप्त्यांचा हिशेब वर्षभर पाईपैशानें लक्षांत ठेवणाऱ्या विक्रेत्यास एका फळीची हकीगत आठ दिवस लक्षांत ठेवतां येऊं नये काय?

शेवटीं आम्हीं आमच्या पेठेंतील सुतारास बोलाविलें. त्यानें फळीवर बोटानें टिचकी मारली आणि तो म्हणाला, "सर, ह्याच्या पाठीला एक जाड फळी देतों, म्हणजे उभं राहील. पण शब्दकोश खालच्या कप्प्यांत ठेवा." नवीं भोकें त्यानें अंदाजानें नव्हे, मोजून पाडलीं. जातांना मजुरी घेतली आणि आपला नंबर लिहून दिला. कपाट आतां उभें आहे. शब्दकोश खालच्या कप्प्यांत आहेत, आणि सुताराचा नंबर त्यांतल्याच एका कोशांत घालून ठेवला आहे.