जन्मगाव : शामियान बेट आणि एक लांबलेली प्रतीक्षा

१/ एक लहानसे छायाचित्र, प्रकृतीविषयी चार ओळी, बहुधा अंदाजाने ठरवलेली जन्मतारीख आणि बालकल्याण संस्थेचे नाव. चीनमधून मूल दत्तक घेणाऱ्या परदेशी दांपत्याच्या हाती सुरुवातीला जेमतेम एवढेच येई. मग प्रवासाची परवानगी मिळेपर्यंत आठवडे, कधी महिने थांबायचे. या काळात अनेक जण नकाशा उघडून त्या गावाचा इतिहास वाचू लागत. त्या वाचनाच्या वाटेवरचे एक बेट आज पाहू.

२/ १९८० च्या सुमारास चीनमध्ये एकच मूल हे धोरण कठोरपणे लागू झाले. मूल टाकून देणे गुन्हा होता; म्हणून तान्ही मुले, त्यांतही प्रामुख्याने मुली, फाटकापाशी, बाजारात, पुलावर गुपचूप ठेवलेल्या सापडत. १ एप्रिल १९९२ रोजी दत्तकविषयक कायदा अमलात आला आणि परदेशी पालकांना रीतसर मार्ग खुला झाला. पुढील तीन दशकांत दीड लाखाहून अधिक मुले देशाबाहेर गेली. त्यांतील ८०,००० हून अधिक एकट्या अमेरिकेत.

३/ अशा मुलांच्या कागदपत्रांत आईवडिलांची नावे नसत, मूल सापडल्याचे ठिकाण असे. वृत्तपत्रात निवेदन देऊन ६० दिवस वाट पाहिली जाई. आडनाव संस्थाच देई. कधी ते गावाच्या नावातले एखादे अक्षर असे. आपल्याकडील ‘कर’ लागलेली आडनावे आठवावीत. मात्र त्या मुलांना गावाखेरीज दुसरा पूर्वजच नव्हता.

४/ मूल कोणत्याही प्रांतातले असो, अमेरिकन पालकांना अखेरचे काही दिवस ग्वांगझो शहरात काढावे लागत; दत्तक मुलांचे व्हिसा तेथील वकिलातीतूनच मिळत. ही वकिलात बराच काळ शामियान बेटावर होती. शेजारी १९८३ साली उघडलेले ‘व्हाइट स्वान’ हॉटेल. तेथील तांबड्या सोफ्यावर बाळांना ओळीने बसवून छायाचित्र काढण्याचा प्रघातच पडला होता.

५/ ग्वांगझो म्हणजे जुने कँटन. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनचे हेच बंदर खुले होते. नदीकाठच्या तेरा वखारींत राहायचे आणि हंगाम संपला की मकाऊला परतायचे, असा दंडक होता. मुंबईचे पारशी व्यापारीही तेथे वावरत. माळव्याची अफू मुंबई बंदरातून तिकडे जाई. जमशेटजी जीजीभॉय यांनी कँटनच्या अनेक सफरी केल्या. १८४५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. रुग्णालयाला त्यांनी दिलेल्या देणगीमागे चीनच्या व्यापारातील संपत्ती होती.

६/ अफूवरून पेटलेल्या दुसऱ्या युद्धात, डिसेंबर १८५६ मध्ये, या वखारी जळून खाक झाल्या. मग ब्रिटिशांनी आणि फ्रेंचांनी जवळचा वाळूचा दांडा भरून घेतला आणि कालवा खणून तो शहरापासून तोडला. तेच शामियान. १८६१ मध्ये त्याची वाटणी झाली : चार हिस्से ब्रिटिशांचे, एक फ्रेंचांचा. २३ जून १९२५ रोजी कालव्यापलीकडील मोर्चावर या बेटावरून गोळीबार झाला; पन्नासहून अधिक चिनी ठार झाले.

७/ तेरा वखारींच्या काळातील एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. परदेशी स्त्रियांना तेथे राहण्यास सक्त मनाई होती. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी त्याच नदीकाठी परदेशी स्त्रिया चिनी मुलींना कडेवर घेऊन फिरत होत्या.

८/ गावाचा इतिहास वाचणाऱ्यांपुढे पुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला : कागदावरचे ठिकाण तरी खरे काय? २००५ मध्ये हुनान प्रांतातील हेंगयांग येथे अनाथालयांना मुले विकणारी टोळी उघडकीस आली. २०११ मध्ये त्याच प्रांतातील लोंगहुई तालुक्याची हकीकत चिनी पत्रकारांनी छापली. तेथे कुटुंबनियोजन खात्याच्या अधिकाऱ्यांनी आईवडिलांकडून मुले काढून नेली होती. म्हणजे ‘टाकलेले’ म्हणून नोंदलेले प्रत्येक मूल टाकलेले नव्हते. मोठी झालेली अनेक मुले आता डीएनए चाचणीच्या आधारे आपले गाव नव्याने शोधत आहेत.

९/ २०२० मध्ये महासाथीमुळे हे प्रवास थांबले. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने आप्तसंबंधांतील दत्तविधाने वगळता परदेशी दत्तविधान बंद केल्याचे जाहीर केले. त्या वेळी शेकडो कुटुंबांपाशी मुलाचे छायाचित्र होते, नाव होते, संस्थेचा पत्ता होता. प्रवासाची परवानगी मात्र आली नाही.