उंबरठा आणि जोडा : सुरतेतील एक वेशविवाद

मंगल कार्यास कोणता वेश करावा, सभेस कोणता आणि देवदर्शनास कोणता, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु वेश हे केवळ देह झाकण्याचे साधन नव्हे; आपण कोणापुढे उभे आहोत, याची ती कबुली असते. म्हणूनच वेशावरून जेव्हा जेव्हा तंटे उपस्थित झाले, तेव्हा वाद कापडाचा नसून मानाचा होता. सुरत शहराच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण सापडते.

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना वाटेत इच्छापोर लागते. आज हा टापू कारखानदारीने गजबजला आहे. पण याच बाजूस असलेल्या सुवाळीच्या किनाऱ्यावर १६१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो उतरला. जहांगीर बादशहाच्या भेटीस जाताना त्याला बऱ्हाणपुरास शहाजादा परवेझ याच्या दरबारी जावे लागले. तेथे टोपी काढून भूमीस मस्तक लावण्याची सूचना त्यास झाली. रोने ती साफ नाकारली. चाकरांचे रिवाज आपणास लागू नाहीत, असे त्याचे उत्तर होते. हिंदुस्थानात असेतो त्याने आपला इंग्रजी पोशाखही टाकला नाही.

पुढे काळ पालटला आणि रिवाज ठरविण्याचा अधिकार इंग्रजांच्या हाती आला. मानाविषयी दोन्ही समाजांच्या कल्पना अगदी उलट होत्या. इंग्रज वडीलधाऱ्यांपुढे टोपी काढी आणि बूट मात्र पायातच ठेवी. आपल्याकडे मस्तकावर पागोटे असणे हीच सभ्यता; बोडक्या डोक्याने दरबारी जाणे हा अविनय. जोडे मात्र बाहेर ठेवावयाचे. लॉर्ड ॲम्हर्स्टच्या अमदानीपासून (१८२३-२८) गव्हर्नर जनरलपुढे येणाऱ्या एतद्देशीयांनी पादत्राणे काढावीत, असा आग्रह धरला जाऊ लागला. इंग्रजी बूट घालणाऱ्यांस पुढे या सक्तीतून सूट मिळाली.

१८६२ साली माणेकजी कावसजी एंटी हे पारशी गृहस्थ सुरतेच्या फौजदारी अदालतीत असेसर होते. सेशन जज्जाने त्यांना जोडे काढून आत येण्यास सांगितले. एतद्देशीयांची आदर दाखविण्याची रीत हीच, असे जज्जाचे म्हणणे. माणेकजींनी मानले नाही. त्यांना न्यायासनापुढे प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरास तक्रारीचे पत्र धाडले.

या प्रकरणावरून जी चर्चा माजली ती आपणा देवळात जाणाऱ्या मंडळींनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सरकारपक्ष म्हणे, तुम्ही देवळाच्या व घराच्या दाराशी जोडे काढता, मग कचेरीत का नको? यास एतद्देशीयांचे उत्तर असे की, घरी आपण जमिनीवर बसतो, तेथे रस्त्याची घाण नको; देवस्थानी चामडे अपवित्र म्हणून नको. कचेरी हे घरही नव्हे आणि देऊळही नव्हे. तेथे तेच करावयास लावणे म्हणजे भक्तीची रीत सत्तेच्या सेवेस जुंपणे होय. तरीही अदालतीत जोडे घालून जाण्याची मोकळीक मिळण्यास पुढे काही वर्षे लागली.

याच सूत्राचे पुढचे टोक मराठी वाचकांस परिचित आहे. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीच्या राज्यारोहण दरबारात बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड जडजवाहीर न घालता साध्या पांढऱ्या वेशात सम्राटापुढे गेले, एकदाच लवले आणि पाठ फिरवून परतले. इंग्रजी वृत्तपत्रांनी केवढा गहजब केला! अखेर महाराजांना व्हाइसरॉयकडे दिलगिरीचे पत्र पाठवावे लागले. रत्नांच्या अभावाचीही सत्तेने दखल घेतली, यातच वेशाचे सामर्थ्य दिसून येते.

आता देवळाच्या उंबरठ्यापाशी या. तेथे पूजेस बसणारा पुरुष स्नान करून सोवळे नेसतो. अंगावर फार तर उपरणे. पगडी नाही, अंगरखा नाही, पायात काही नाही. लौकिक दरबारात ज्याला उणेपण म्हणतील, तोच येथील पूर्ण वेश होय. सभेस जाताना मनुष्य आपला दर्जा अंगावर चढवितो. देवापुढे तो उतरवून ठेवतो. म्हणूनच लग्नमंडपात शेला-पागोट्याचा थाट शोभतो आणि गाभाऱ्याशी तो ओझे होतो.

माणेकजींचा आक्षेप जोडे काढण्यास नव्हता. कोणाच्या दाराशी ते काढावेत, हे दुसऱ्याने ठरविण्यास होता. मंगेशीस वा शांतादुर्गेस पायरीखाली आपण वहाणा सोडतो त्या आपखुषीने. तेथे शिपाई उभा नसतो. सक्तीने वाकणे आणि श्रद्धेने नमणे यांत वरून फरक दिसत नसला, तरी तो आहे, आणि सुरतेच्या त्या गृहस्थांनी तो नेमका ओळखला होता.