जामचे दोन काठ : पांढुर्णा आणि सावरगाव

श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या करीला गोटमार, मग हरतालिका आणि चतुर्थीला गणपती. पांढुर्ण्याचा भाद्रपद असा उजाडतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात गणपतीच्या मांडवाचे बांबू रोवले जात असताना दवाखान्यांत टाके घालणे चालू नसते. आपल्याकडे असते. बाहेरगावचे पाहुणे गणपतीला आले की आरतीनंतरचा पहिला प्रश्न हाच असतो, ‘तुमच्याकडे खरंच दगड मारतात का हो?’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी जाम नदी, तिचे दोन काठ आणि त्या काठांवरच्या माणसांचा इतिहास सांगावा लागतो. स्मरणिकेच्या निमित्ताने तो थोडक्यात मांडत आहे.

घाटाखालचा मुलूख

इंग्रजी अमदानीत छिंदवाडा जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग मानत. सातपुड्याच्या माथ्यावरचा तो बालाघाट आणि घाट उतरून नागपूरच्या बाजूला पसरलेला तो झेरघाट. सौंसर आणि पांढुर्णा हे या घाटाखालच्या मुलखातले. जमीन काळी, पीक कापूस आणि ज्वारीचे, पुढे त्यात संत्र्याच्या बागांची भर पडली. घाटावरचा गहू आणि घाटाखालची ज्वारी हा फरक ताटात दिसतो, तसाच तो बोलण्यातही ऐकू येतो. खाली उतरलो की वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी सुरू होते, तिच्या जोडीला पवारांची पवारी आणि गोंडांची गोंडी.

पाण्याची वाटही हेच सांगते. शेजारच्या मुलताईला तापी उगम पावते आणि पश्चिमेकडे निघून जाते. आपली जाम मात्र पूर्वेकडे वळते, सौंसर तालुक्यातून, जामसावळीच्या निजलेल्या हनुमंताच्या परिसरातून पुढे जाऊन कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला. म्हणजे पांढुर्ण्याच्या पुलाखालून गेलेले पाणी शेवटी गोदामाईच्या पोटात जाते. राज्य बदलले तरी नदीने आपली दिशा बदललेली नाही.

या नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. पांढुर्णा हे नाव ऐकताच मराठी कानाला ‘पांढर’ आठवते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढर, हा आपल्या गावगाड्याचा जुना शब्दप्रयोग. पांढुर्णा वाढत गेला, बाजारपेठ झाला, 1920 च्या दशकात नागपूर–इटारसी लोहमार्ग झाल्यावर दिल्ली–मद्रासच्या मोठ्या वाटेवर आला. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 45 हजारांच्या घरात होती. सावरगाव मात्र मनाने गावच राहिले. आज नव्या माणसाला दोन्ही मिळून एकच शहर वाटते, मधला पूल ओलांडताना आपण दुसऱ्या गावात आलो हे त्याच्या ध्यानातही येत नाही. पण जुन्या माणसाला विचारा, तो ‘पांढुर्ण्याचा’ की ‘सावरगावचा’ हे लगेच सांगेल.

गोंड, भोसले, इंग्रज

हा मुलूख आधी देवगडच्या गोंड राजांचा. त्यांच्यातला जाटबा हा अकबराच्या काळातला, त्याचा उल्लेख ‘आईन-ए-अकबरी’त आहे. याच घराण्यातल्या बख्त बुलंद शहाने 1702 च्या सुमारास नागपूर वसवले. नागपूरला आपण मोठे भावंड मानतो, पण त्याचा जन्मदाता आपल्या डोंगरातून खाली उतरला होता, हे विसरू नये. अठराव्या शतकाच्या मध्यास देवगडच्या भाऊबंदकीत रघूजी भोसल्यांनी हात घातला आणि राज्य भोसल्यांकडे आले. 1817 साली सीताबर्डीची लढाई झाली. पुढच्या वर्षी इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटलेले अप्पासाहेब भोसले आश्रयाला आले ते उत्तरेच्या महादेवाच्या डोंगरात. 1853 साली तिसऱ्या रघूजींचा मृत्यू झाला आणि वारस नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. 1861 साली मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर.

म्हणजे देवगड, भोसले आणि इंग्रज या तिन्ही अमलांत पांढुर्ण्याचा माणूस आणि नागपूरचा माणूस एकाच राज्याचे रहिवासी होते. बाजार, सोयरीक, कोर्ट आणि कॉलेज सगळे नागपूरला. स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशाचीही राजधानी नागपूरच होती.

हे सगळे 1 नोव्हेंबर 1956 ला बदलले. भाषावार रचनेत नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि वऱ्हाडचे चार असे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. वाटणी करताना जिल्हा हा घटक धरला होता. छिंदवाडा जिल्हा एकूण हिंदी भाषकांचा, म्हणून तो मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर घाटाखालचा मराठी भागही राहिला. त्या दिवशी इथे कोणी घर सोडले नाही, कोणी दगड उचलला नाही. फक्त राजधानी शंभरेक किलोमीटरवरच्या नागपूरहून दूर भोपाळला गेली, आणि घरात मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी अशी आपली दुहेरी चाल सुरू झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याच्या मापाने जे 1956 साली हरवले होते, ते जिल्ह्याच्याच मापाने थोडे परत मिळाले, असे म्हणायला हरकत नाही.

गोट्याची गोष्ट

आता गोटमार. हा शब्दच पाहा. हिंदीत ‘गोटा’ म्हटले की लुगड्याची जरीची किनार डोळ्यांपुढे येते, दगड येत नाही. गोटा म्हणजे नदीतला गुळगुळीत दगड हा अर्थ मराठीचा. हिंदी वर्तमानपत्रेही दरवर्षी हा मराठी शब्द तसाच छापतात.

रीत अशी. पोळ्याच्या करीला पहाटेच्या अंधारात सावरगावकर पळसाचे झाड जामच्या पात्रात मधोमध रोवतात. त्याला साडी नेसवतात, तोरण बांधतात, नारळ आणि झेंडा लावतात. हे झाड रोवण्याचा मान सावरगावातल्या एका घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. सकाळी त्याची पूजा होते. मग पांढुर्णेकरांनी पात्रात उतरून कुऱ्हाडीने झाड तोडून न्यायचे आणि सावरगावकरांनी ते राखायचे. दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. झेंडा पांढुर्ण्याच्या हाती आला की ‘चंडी माता की जय’चा गजर होतो, दगड थांबतात आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात अर्पण होतो. सांजेपर्यंत झाड तुटले नाही, तर दोन्हीकडची जाणती माणसे बोलणी करतात आणि झेंडा आपसांत ठरवून देवीपुढे नेला जातो.

यामागे दोन कथा सांगतात. पहिली सर्वांना ठाऊक आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांचे प्रेम जमले. मुलगा तिला घेऊन पहाटे नदी ओलांडत असता सावरगावकरांनी दगड मारले, ते पाहून पांढुर्णेकर मुलाच्या मदतीला आले, आणि दोन्हीकडच्या दगडांत नदीच्या मधोमध दोघेही मेले. मग दोन्ही गावांना उपरती झाली. प्रेते चंडीमातेच्या दारी नेली, पूजा केली आणि एकत्र अंत्यसंस्कार केले. दुसरी कथा लढाईची. जाटबा राजाची गढी जामच्या काठी होती, भोसल्यांची फौज चालून आली तेव्हा शस्त्रे अपुरी पडली आणि लोकांनी नदीतले गोटे फेकून तिला हटवले, अशी ती कथा. गावात जाटबाच्या नावाचा वॉर्ड आजही आहे.

इतिहासाच्या काट्यावर तोलले तर दुसरी कथा टिकत नाही. जाटबा सोळाव्या शतकातला, भोसले देवगडात आले अठराव्या शतकात. मधली दीडदोनशे वर्षे लोकांच्या स्मरणाने एका दिवसात बसवली. तरी ती कथा टाकाऊ नाही. गोंडांचे राज्य गेले आणि भोसल्यांचे आले, या मोठ्या उलथापालथीची आठवण तिच्यात जपली गेली आहे. पहिल्या कथेला तारीख नाही, पण तिचा पुरावा दरवर्षी नदीत उभा असतो. झाडाला साडी नेसवतात ती उगाच नव्हे. ते झाड म्हणजे सावरगावची लेक. म्हणून सावरगावने ती राखायची आणि पांढुर्ण्याने न्यायची.

या दिवसाला शेजारही आहे. पोळ्याच्या करीलाच नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, रोगराई आणि दुष्टाई गावाबाहेर नेऊन जाळली जाते. विदर्भात लहान मुलांचा तान्हा पोळाही त्याच दिवशी. आदल्या दिवशी तोरणाखाली बैल उभे करून झडत्या म्हणायच्या, म्हणजे शब्दांनी एकमेकांना चिमटे काढायचे. वर्षाची पेरणी-निंदणी आटोपली, की मनात साचलेले बाहेर टाकण्याचे हे दिवस आहेत. दोन काठांचे भांडणही आपल्यालाच आहे असे नाही. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना हातवारे करून शिव्या देतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. वाजंत्री असते, गर्दी असते, आणि संध्याकाळी सगळ्या बायका आपापल्या घरी धडधाकट परततात.

जे राखायचे आणि जे सोडायचे

आपल्याकडे सगळे धडधाकट परतत नाहीत. दरवर्षी शेकडो जण जखमी होतात, कोणाचा डोळा जातो, कोणाचे हाड मोडते. 1955 पासूनच्या मृत्यूंची यादी दरवर्षी बातम्यांत येते. 1978 आणि 1987 साली पोलिसांना गोळीबार करावा लागला. प्रशासनाने मनाई हुकूम काढून पाहिले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले आणि हात पुन्हा गोट्यांकडे गेले. सर्वांत वाईट जखमा गोफणीच्या. ज्वारीच्या कणसांवरून पाखरे उडवण्यासाठी शेतकऱ्याच्या हातात आलेली ही गोफण माणसांवर चालू लागली, आणि बंदी असूनही ती दरवर्षी दिसतेच.

‘परंपरा आहे’ हे याचे उत्तर म्हणून दिले जाते. पण परंपरा म्हणजे नेमके काय, हे रीतीकडेच नीट पाहून ठरवावे. रीतीत मान झाडाला आहे, झेंड्याला आहे, देवीला आहे. दगडाला कोठेही मान नाही. दगडाची पूजा होत नाही, विजयी दगड कोणी देवळात ठेवत नाही. सांजेला समेट करून झेंडा द्यायचा, ही तरतूदही वाडवडिलांनीच केली आहे. कथेतही दगड हा पराक्रम नाही. त्याच दगडांनी आपली लेक आणि आपला मुलगा गेला, आणि ते कळल्यावर दोन्ही गावे एकत्र रडली. आपण दरवर्षी कथेचा पहिला अर्धा भाग करून दाखवतो आणि उत्तरार्ध दवाखान्यावर सोपवतो.

बदल होऊ शकतो, याचे उदाहरण देशातच आहे. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात देवीधुऱ्याला वाराहीदेवीच्या अंगणात राखीपौर्णिमेला ‘बग्वाल’ होते, तीही दगडांचीच. 2013 साली उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यानंतर तिथे फळे आणि फुले फेकण्याची रीत सुरू झाली. दगड अजून पुरते सुटलेले नाहीत, पण देवी रागावली नाही आणि गर्दीही कमी झाली नाही.

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यातला खरा संबंध वर्षातले 364 दिवस चालू असतो. पुलावरून शाळेत जाणारी पोरे, या काठची लेक त्या काठची सून, एकाच मंडीत उतरणारी संत्री आणि कापूस. गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधलेला माणूस ज्याच्या दगडाने ती बांधावी लागली त्याच्याच बरोबर चहा पितो, हे आपण अभिमानाने सांगतो. अभिमान योग्यच आहे. मग ती पट्टी लागावीच कशाला, एवढेच विचारायचे आहे. पहाटे झाड रोवले जावे, साडी नेसवली जावी, पांढुर्ण्याच्या तरुणांनी पात्रात उतरावे, सावरगावच्या तरुणांनी अंगाला अंग भिडवून त्यांना अडवावे. सांजेला झेंडा दोन्ही गावांनी मिळून देवीपुढे न्यावा. पोळ्याच्या झडत्या ज्यांच्या ओठांवर तयार असतात, त्यांना शब्दांची लढाई तर शिकवावीच लागणार नाही.

राज्याच्या वाटणीने आपल्याला नागपूरपासून दूर केले, तरी आपण भाषा, सण आणि सोयरीक सोडली नाही. ज्यांनी एवढी मोठी रेघ दगड न उचलता ओलांडली, त्यांना जामसारखी लहानशी नदी दगडांशिवाय ओलांडणे अवघड नाही. करीच्या दिवशी पळस रोवणारे आणि तोडणारे हात तीन दिवसांनी गणपतीचा मांडव उभारतात, ते हात शाबूत राहावेत. विसर्जनाच्या दिवशी दोन्ही काठांनी एकाच सुरात मोरया म्हणावे, आणि चंडीमातेनेही ते ऐकावे.