रेस देऊनही गाडी न उचलल्यास...

गळिताचा हंगाम ऐन भरात असतो. जयसिंगपूर-शिरोळ-नृसिंहवाडी रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतो आणि त्याला ओलांडण्यासाठी चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. नेमक्या त्याच क्षणी इंजिनाने दाद दिली नाही, तर समोरून येणाऱ्या वाहनापुढे गाडी अडकते. ‘पिकअप मिळत नाही’ ही तक्रार त्यामुळेच किरकोळ समजता येत नाही. असे घडल्यास ओलांडण्याचा प्रयत्न तत्काळ सोडून मागे यावे आणि संधी मिळताच गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू केल्यास दोष कधी कधी नाहीसा होतो; पण तो दुरुस्त झालेला नसतो.

दोष खरोखर थ्रॉटलचाच आहे काय, हे आधी ठरवावे लागते. इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत असण्याचा संभव अधिक. गाडी उभी असताना रेस व्यवस्थित मिळते, मात्र चढावर दम लागतो, अशा वेळी डिझेल किंवा पेट्रोलचा फिल्टर, एअर फिल्टर आणि टर्बो असल्यास त्याची नळी पाहावी. पेडल दाबूनही इंजिनाचे फेरे वाढतच नसतील, तरच पेडल ते थ्रॉटल या मार्गाचा शोध घ्यावा. त्यातही पहिली तपासणी बिनखर्चाची आहे. पायाखालची चटई पेडलमागे अडकली आहे काय, ते पाहावे.

जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत पेडल आणि थ्रॉटल यांना जोडणारी तारेची केबल असे. ती ढिली झाली, गंजली किंवा तिचे पदर तुटले, तर डोळ्यांना दिसते. आजच्या बहुतेक गाड्यांत केबल नाही. पेडलपाशी दोन सेन्सर असतात. ते पेडल किती दाबले, हे ईसीयू या संगणकास कळवतात आणि त्याच्या आदेशानुसार छोटी मोटर थ्रॉटलची झडप उघडते. झडपेपाशीही दोन सेन्सर असतात. कोणत्याही जोडीच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर संगणक मोटरचा पुरवठा तोडतो, स्प्रिंग झडप किंचित उघडी ठेवते आणि गाडी केवळ रांगत राहते. चालकाला हा दगा वाटतो. प्रत्यक्षात गाडी आपोआप उधळू नये, यासाठीची ती खबरदारी होय.

स्कॅनर जोडल्यावर ‘पी २१३५’ हा संकेतांक दिसल्यास झडपेच्या, तर ‘पी २१३८’ दिसल्यास पेडलच्या सेन्सरांच्या नोंदींत तफावत आहे, असे समजावे. संकेतांक दोषाचा परिसर दाखवतो, बदलायचा भाग नव्हे. येथेच ग्राहकाचे पैसे वाया जातात. वायर तुटलेली असताना संपूर्ण थ्रॉटल बॉडी बदलली जाते आणि तक्रार आठवड्याने परतते. इग्निशन चालू व इंजिन बंद ठेवून पेडल सावकाश दाबावे आणि स्कॅनरवरील आकडे पाहावेत. दोन्ही सेन्सरांचे आकडे एकसंध चढले पाहिजेत. मध्येच उडी किंवा खंड दिसल्यास सेन्सर झिजला आहे, अथवा त्याची जोडणी सैल आहे. ब्रेक न दाबताही मागचे दिवे पेटलेले राहतात काय, हेही पाहावे. काही गाड्यांत ब्रेकचा स्विच बिघडला, तर संगणक ब्रेक दाबला आहे असे समजून रेस रोखतो.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या या तालुक्यात जोडण्यांवर आधी संशय घ्यावा, हेच रास्त. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी येथील वस्त्यांत पाणी शिरले. पाण्यात राहिलेल्या गाडीच्या कनेक्टरमधील पिनांवर हिरवा गंज चढतो आणि दोष कित्येक महिन्यांनी, तोही अधूनमधून, डोके वर काढतो. जुनी गाडी घेताना म्हणूनच गालिचा उचलून खालचा गाळ आणि आसनांच्या रुळांवरील गंज पाहावा. शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही विसरू नये.

कनेक्टर उघडण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढावे. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवाव्यात. पॉलिश पेपरने घासल्यास वरचा मुलामा जातो आणि गंज अधिक वेगाने चढतो. पेट्रोल गाडीत झडपेवर काजळी साचली असल्यास थ्रॉटल क्लीनरने भिजवलेल्या कापडाने ती पुसावी. इग्निशन चालू असताना झडपेला बोट लावू नये; मोटर ती अचानक मिटवू शकते. बऱ्याच डिझेल गाड्यांत वेग झडपेवर नव्हे, तर इंधनाच्या मात्रेवर ठरतो. तेथे ही साफसफाई सुचवली गेल्यास कारण विचारावे.

सफाईनंतर किंवा सुटा भाग बदलल्यानंतर संगणकाला झडपेची मूळ स्थिती पुन्हा शिकवावी लागते. ही पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असून, ती न केल्यास इंजिन उभ्या गाडीत वर-खाली होते. त्यानंतर संकेतांक पुसून गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवावी आणि पुन्हा स्कॅन करावी. तोच संकेतांक परत आला, तर बिल देण्यापूर्वी वायरिंगची तपासणी मागावी.