इल्मेनाइट (रत्नागिरी जिल्हा)

इल्मेनाइट : लोह आणि टिटॅनियम यांचे काळे, जड ऑक्साइड खनिज. रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंड, नेवरे, काळबादेवी, भाट्ये, पूर्णगड येथील पुळणींवर ते काळ्या वाळूत सापडते. सह्याद्रीच्या बेसाल्टातले आणि त्यावरच्या जांभ्यातले त्याचे कण नद्यांनी समुद्राकडे आणले. विशिष्ट गुरुत्व सुमारे 4.7 असल्याने लाटा हलकी वाळू ओढून नेतात, हे मागे राहते. सोबतचे मॅग्नेटाइट साध्या लोहचुंबकाने निघते. इल्मेनाइटला अधिक प्रबळ चुंबक लागतो.

अशा खनिजाला ‘युद्धोपयोगी’ म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र हे विशेषण खनिजाला नव्हे, त्यावरच्या प्रक्रियेला शोभते. इल्मेनाइटमधले लोह कमी करून त्यावर क्लोरिनची प्रक्रिया केली की टिटॅनियम टेट्राक्लोराइड हा द्रव मिळतो. ऑक्सिजनबरोबर तापवल्यास त्यापासून भिंतींच्या रंगातले शुभ्र टिटॅनियम डायऑक्साइड बनते. मॅग्नेशियमने त्याच द्रवाचे क्षपण केल्यास, म्हणजे विल्यम क्रोल यांच्या 1940च्या सुमाराच्या पद्धतीने, लढाऊ विमानात आणि मोडलेले हाड जोडणाऱ्या पट्टीतही चालणारा धातू हाती येतो. दमट हवेत हा द्रव नुसता सोडला तरी दाट पांढरा धूर उठतो. आरमारांनी धुराच्या पडद्यांसाठी तोही वापरला. इथपर्यंत कच्चा माल एकच.

यावर आक्षेप असा, की 1957च्या खाणकायद्याने किनारी वाळूतली खनिजे अणुखनिजांत घातली, ती उगीच का? त्यामागे मुख्यतः थोरियमयुक्त मोनाझाइटची संगत आहे. केरळची वाळू ग्रॅनाइटी व रूपांतरित खडकांतून आली, म्हणून तिच्यात मोनाझाइट भरपूर. रत्नागिरीची बेसाल्टातून आली, म्हणून नगण्य. कायद्याचा शिक्का एकच असला तरी वाळू एक नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : धातुक असेल त्याच्याच हाती सामर्थ्य. पण अमेरिकेकडे स्वतःचे इल्मेनाइट असूनही ‘एसआर-71’ या टेहळणी विमानासाठी टिटॅनियम आडमार्गाने घ्यावे लागले, आणि तेही सोव्हिएत संघाकडून! भारतात किनाऱ्यावर इल्मेनाइट पूर्वीपासून होते. टिटॅनियम स्पंजचा कारखाना मात्र केरळात चवरा येथे 2011 मध्ये सुरू झाला. रत्नागिरीची वाळू उपसण्याचा विचार करताना म्हणूनच साठ्याच्या टनांआधी क्लोरिन, मॅग्नेशियम आणि वीज कुठून येणार, हे विचारावे लागते; शिवाय पुळण खचल्यावर उधाण अडवणार कोण, हेही.