प्लेग आणि पिसू

१८९७ साली पुण्यात प्लेगनिवारणासाठी गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या झाल्या. सामानसुमान जाळले गेले. रोग्यांची सेवा करता करता १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले निवर्तल्या. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. खरा अपराधी मात्र मोकळाच होता! मेलेल्या उंदराचे अंग थंडावले की त्यावरील पिसवा नवा आसरा शोधतात व दंशावाटे रोग पसरवितात, हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों यांनी प्रयोगाने दाखविले. प्रथम कोणी मानले नाही. १९०५ नंतर मुंबईतील प्रयोगांनी त्यास पुष्टी दिली. उंदीर पडू लागताच गाव सोडून माळावर झोपड्या बांधणारे आपले वाडवडील, कारण न जाणताही, योग्य तेच करीत होते. कुत्र्यामांजरांच्या पिसवा निव्वळ खाजेचा त्रास समजणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानी ठेवावा.