धावदोऱ्याचं झबलं

साल १९४४, वैशाख महिना. पंचवटीतल्या वाड्याच्या ओटीवर तुम्ही पाय पसरून बसला आहात. अंगावर नऊवारी, तर्जनीला सुईचा घट्टा. रामकुंडावरून धुणं घेऊन परतणाऱ्या बायका थबकतात. “अक्का, आज गोधडी बाजूला?”

आज झबलं शिवायचं आहे. परवा नातवाचं बारसं, आणि तुम्ही आयुष्यात अंगात घालायचं काही शिवलेलं नाही. चोळ्या शिंप्याकडून आल्या, लुगड्याला तर शिवणच नसते.

शिंप्याकडे जावं, तर कापड कुठे आहे? गिरण्यांचा माल लष्कराकडे चालला आहे. गेल्या साली, १९४३ मध्ये, सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला. दुकानापुढची रांग तशीच आहे. विलायतेतसुद्धा १९४१ पासून कपड्यांना कुपनं लागतात. नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापतात, पण ती नोट घेऊन मेन रोडला गेलं तरी वारभर मलमल मिळेल याची खात्री नाही.

म्हणून ट्रंकेतलं जुनेर काढता. तान्ह्या बाळाला जुनंच कापड घालायची रीत शहाणपणाची आहे. नव्या कापडाची खळ टोचते; वर्षानुवर्षं धुतलेलं लुगडं लोण्यासारखं लागतं.

इथवर हात सरावाचे आहेत. काठाला दातांनी चीर देता आणि टर्रकन फाडता. कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. गोधडीला एवढं पुरतं. थरावर थर चढतो, आतलं ठिगळ वाकडं असलं तरी वरचा थर झाकून घेतो. बाळाला मात्र मान असते, काखा असतात.

कापडाची चार पदरी घडी घालता. शेजारून मागून आणलेली कात्री धरता, कोपऱ्यापासून चार बोटं मोजता आणि गोल कापता. घडी उलगडली तर समोर आठ बोटं रुंद भोक! यातून बाळ खांद्यांसकट बाहेर येईल. छातीत धस्स होतं. घरात आणखी जुनेर नाही.

शेजारच्या शिंपीणबाई येऊन बघतात. “अक्का, घडीला चार पदर होते की! तुम्ही एकाच पदराचं माप धरलंत.” कापड त्या हातात घेत नाहीत. एवढंच म्हणतात, “गळ्याभोवती तुमचा धावदोरा घाला, आणि ओढा.”

ओढायचा? दोरा ताणू नये, गोधडीला चुणी पडू नये, याच्यासाठी तीस वर्षं तुम्ही जिवापाड जपलंत. आता तीच चुणी हवी आहे. हळूहळू दोरा ओढता आणि गळा आवळत जातो. चुण्या बोटाने सारख्या करता, वरून लुगड्याच्या काठाची पट्टी बसवता, मागे दोन बंद.

काखेत धावदोरा टिकत नाही. बाळाने हात उचलला की उसवेल. तिथे सुई पुढे, पुन्हा अर्धी मागे, अशी उलटी टीप घालावी लागते. गोधडीत गाठ थरांत बुडते, इथे ती कातडीला टोचेल, म्हणून गाठी बाहेरच्या अंगाला. कच्च्या कडा दोनदा दुमडायच्या. एका बाहीत दुपार जाते.

गोधडीवाल्या बाईला कपडे यायचेच, असं आपण सहज बोलून जातो. ते खरं नाही. कपड्याला शरीराचं माप कळावं लागतं, आणि ते गोधडीने कधी विचारलेलं नसतं. पण तिचा टाका तिला बुडू देत नाही, हेही तितकंच खरं.

दिवेलागणीला झबलं होतं. डावी बाही बोटभर लांब आहे. बाळाच्या मानेशी चुण्या मऊ बसतात. तीन महिन्यांत ते त्याला लहान होईल आणि ओटीवरच्या अर्धवट गोधडीच्या पोटात जाईल.

आता परत या. घरात जुनी गोधडी असेल, तर यंदा धुवायला काढाल तेव्हा तिच्या थरांवरून बोटं फिरवा. कुठे चुण्यांची कड हाताला लागली, तर ती उसवू नका.